यंत्राची खोली रिकामी झाली, राखणदाराने काय करावे?

दहावी-बारावीचे निकाल लागले की सटाण्यातल्या वस्त्या-वस्त्यांतून एकच विचार सुरू होतो. पोराला, पोरीला पुढे कशाला घालायचे? बाप कोणी एस.टी.त, कोणी नगरपरिषदेत, कोणी कांद्याच्या खळ्यावर. आई डाळिंबाच्या बागेत रोजाने. घरात पैसा मोजका आणि तोही एकदाच लावता येणारा. अशा घरांत गेल्या पंचवीस वर्षांत एक विश्वास घट्ट रुजला आहे. संगणक शिकला की पोर खुर्चीवर बसेल, उन्हातान्हात राबणार नाही. एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र पेटीत जपून ठेवलेले घर आता आपल्यात विरळा नाही. त्यापुढे जाऊन आपली काही मुले संगणकाची पदवी घेऊन नाशिक, पुणे, मुंबई गाठत आहेत, ही अभिमानाचीच गोष्ट आहे.

पण हीच मुले अलीकडे घरी येऊन वेगळे बोलतात. 'सर्व्हर सगळे क्लाऊडवर गेले, खालची माणसे कमी केली', 'काम कंपनीचे, पगार ठेकेदाराचा' असे शब्द आईबापांच्या कानावर पडतात आणि त्यांचा उलगडा होत नाही. कर्ज काढून शिकविले ते वाया गेले की काय, या विचाराने जीव थोडा होतो. म्हणून या लेखात आम्ही संगणकक्षेत्रातल्या एकाच नोकरीचा विचार करणार आहोत. ती नोकरी म्हणजे सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, साध्या भाषेत संगणकांचा राखणदार. हे काम संपले नाही, ते हलले आहे. ते कोठे गेले, कोणाच्या हाती गेले आणि आपल्या मुलांनी तेथवर कसे पोहोचावे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

राखणदार म्हणजे कोण?

बँकेत आपण पासबुक भरून घेतो, तहसीलीतून दाखला घेतो, एस.टी.चे आरक्षण करतो, तेव्हा समोरच्या खिडकीवर एक संगणक दिसतो. पण खरी माहिती त्याच्या पोटात नसते. ती सर्व्हर नावाच्या मोठ्या यंत्रात असते. हे यंत्र रात्रंदिवस चालू ठेवणे, कोणाला आत येऊ द्यावे व कोणाला नाही हे ठरविणे, रोजच्या माहितीची दुसरी प्रत काढून ठेवणे, बिघाड झाला तर रात्री दोन वाजता उठून तो दुरुस्त करणे, हे राखणदाराचे काम. काम बिनबोभाट झाले तर कोणाला त्याचे नावही ठाऊक नसते. यंत्र बंद पडले की मात्र सगळे त्यालाच शोधतात.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हा माणूस यंत्राच्या शेजारीच बसे. बँक असो, कारखाना असो की सरकारी कचेरी, कोठेतरी एक थंड खोली असे. तेथे यंत्रांची रांग, तारांचे जाळे, एक-दोन राखणदार आणि त्यांच्या हाताखाली शिकणारा एखादा पोरगा. बारावी झालेला, हातात कसब असलेला मुलगा त्या खोलीत शिरला की बघूनबघून शिकत असे आणि आठ-दहा वर्षांत स्वतः राखणदार होत असे. आज ती खोली ठिकठिकाणी रिकामी झाली आहे. तिला दोन गोष्टींनी रिकामे केले. त्या दोन्ही वेगवेगळ्या आहेत आणि त्यांची गल्लत करता कामा नये.

एका यंत्राच्या पोटात वीस यंत्रे

पहिली गोष्ट व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे एका खऱ्या यंत्रात अनेक आभासी यंत्रे तयार करणे. बागलाणच्या माणसाला ही समजावून सांगणे अवघड नाही. मोसम आणि आरम या आपल्या नद्यांवर शेकडो वर्षांपासून फड पद्धतीचे बंधारे आहेत. बंधारा एक, पाट एक. पण पाटकरी दारे उघडून-मिटून पाळीपाळीने फडाफडाला पाणी देतो. आपल्या पाळीला फडाला वाटते, पाट आपलाच आहे. प्रत्येक फडाने स्वतःचा बंधारा बांधायचा म्हटले असते तर पैसाही गेला असता आणि निम्मे पाणी फुकट वाहून गेले असते.

संगणकांच्या बाबतीत बरीच वर्षे नेमके हेच चालले होते. पगाराच्या कामाला एक यंत्र, हिशेबाला दुसरे, टपालाला तिसरे. प्रत्येक यंत्र दिवसातला बहुतेक वेळ रिकामे बसे, पण विजेचे बिल आणि थंड हवेचा खर्च मात्र पुरेपूर लागे. मग पाटकऱ्यासारखा एक प्रोग्राम आला. तो एकाच दणकट यंत्राची ताकद वाटून देतो. आत वीस वेगळी यंत्रे असल्यासारखे काम चालते आणि एकाला दुसऱ्याची चाहूलही लागत नाही. कल्पना जुनीच आहे. आयबीएम कंपनीने १९७२ साली आपल्या मोठ्या संगणकांसाठी ती बाजारात आणली होती. पण साध्या, स्वस्त यंत्रांवर ती आणली अमेरिकेतल्या व्हीएमवेअर कंपनीने. ही कंपनी १९९८ साली निघाली आणि १९९९ साली तिने पहिला प्रोग्राम विकला. २००३ पासून तर चालू असलेले आभासी यंत्र बंद न करता एका खऱ्या यंत्रावरून दुसऱ्यावर हलविता येऊ लागले. फडाचे पाणी न तोडता पाट बदलावा, तसे हे झाले.

मग पुढचे पाऊल पडणारच होते. यंत्र आपल्या खोलीतच कशाला हवे? २००६ साली अमेझॉन कंपनीने आपली यंत्रे तासाच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. यालाच आज क्लाऊड म्हणतात. नाव ढगाचे असले तरी यंत्रे जमिनीवरच असतात, फक्त दुसऱ्याच्या इमारतीत. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई व चेन्नई येथे आणि अमेझॉनने २०१६ साली मुंबईत अशी केंद्रे उघडली. फार लांब कशाला, आपल्या नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत २००५ साली सुरू झालेली ईएसडीएस ही कंपनी याच धंद्यात आहे. बँका आणि सरकारी खाती तिच्याकडून यंत्रणा भाड्याने घेतात.

याचा राखणदारावर काय परिणाम झाला? नवे यंत्र मागवायला पूर्वी आठवडे लागत. पेट्या उचलणे, तारा जोडणे, तबकड्या घालून प्रोग्राम भरणे, फिती बदलणे यांत माणसांचे हात लागत. आता पडद्यावर चार ओळी लिहिल्या की पाच मिनिटांत नवे यंत्र उभे राहते. जो चार ओळी लिहू शकतो तो एकटा शेकडो यंत्रे सांभाळतो. ज्याला फक्त पेटी उचलणे आणि तार जोडणे येत होते, त्याचे काम गेले. हातांपेक्षा आतल्या समजेला भाव आला.

काम दुसऱ्याच्या घरी

दुसरी गोष्ट आऊटसोर्सिंग. सरकारी भाषेत तिला बाह्ययंत्रणा म्हणतात, आपल्या भाषेत ठेका. ही गोष्ट आपल्याला नवी नाही. सटाण्याहून मालेगाव तासाभराच्या अंतरावर आहे. तेथल्या यंत्रमागांची खडखड आपल्या परिचयाची आहे. मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा कापड विणणे काही थांबले नाही. ते काम भिवंडी, इचलकरंजी, मालेगावच्या यंत्रमागांकडे वळले. तेथे मजुरी कमी, संघटना नाही, कायमपणा नाही. कापडावर शिक्का मात्र गिरणीचाच. आपल्यातल्या कित्येक घरांचे आजोबा त्या संपात गिरणीला मुकून गावी परतले आहेत. ठेका म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवायला नको.

संगणकाच्या क्षेत्रात याची मोठी सुरुवात अमेरिकेत १९८९ साली झाली. कॅमेऱ्याची फिल्म करणाऱ्या कोडॅक कंपनीने आपली संगणक केंद्रे आयबीएमच्या हवाली केली. एवढ्या मोठ्या कंपनीने घरचे राखणदार सोडून बाहेरचे घेतले, तेव्हा बाकीच्यांना धीर आला. पुढे जाड तारांनी देश जोडले गेले आणि यंत्र अमेरिकेत, राखणदार भारतात असे होऊ लागले. पुण्यात, बंगळुरात, हैदराबादेत रात्रपाळ्या सुरू झाल्या. आपली मुले त्यातूनच वर आली, हे आपण मान्य केले पाहिजे.

मात्र त्या नोकरीच्या दुसऱ्या टोकाला कोण होते हेही पाहावे. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात डिस्ने कंपनीने २०१४-१५ मध्ये सुमारे अडीचशे संगणक कर्मचाऱ्यांना कमी केले. त्यांच्या जागी ठेकेदार कंपन्यांची माणसे आली, त्यांत बरेच भारतीय होते. जाणाऱ्यांपैकी अनेकांना आपल्या जागी येणाऱ्यास आधी काम शिकवावे लागले आणि मगच घरी जावे लागले. आपल्या पोराच्या पहिल्या पगाराचे पेढे वाटले गेले, तेव्हा तिकडे कोणाच्या तरी घरी चूल थंडावली होती. यात त्या मुलाचा दोष नाही आणि आपल्या मुलाचाही नाही. काम स्वस्त हातांकडे सरकते, हा ठेक्याचा स्वभावच आहे. आज जे आपल्याकडे सरकले ते उद्या आपल्याकडून सरकणार. आता तर ते दुसऱ्या माणसाकडे नव्हे, थेट यंत्राकडेच सरकू लागले आहे. पहिल्या पायरीवरची तक्रार घेणे, यंत्र बंद करून चालू करणे, जागा भरली की रिकामी करणे ही कामे प्रोग्रामच करू लागले. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी या देशातल्या सर्वात मोठ्या संगणक कंपनीने सुमारे बारा हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले, आणि त्यांत मधल्या व वरच्या पायरीवरचे अनुभवी लोक अधिक असतील असे सांगितले. पुण्याच्या नाइट्स या कर्मचारी संघटनेने त्याविरुद्ध केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली. खुर्चीवर बसणाऱ्यालाही संघटना लागते, हे त्यानिमित्ताने पुष्कळांना कळले.

सरकारी कचेरीतली खोली

खाजगी कंपनीचे आपण समजू शकतो. पण आपल्या समाजाला ज्या दाराने वर येता आले ते दार सरकारी नोकरीचे. तेथे काय झाले ते पाहू.

केंद्र सरकारने १९७६ साली एनआयसी म्हणजे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र स्थापन केले आणि पुढे जिल्ह्या-जिल्ह्यांत त्याची कार्यालये उघडली. तेथील अधिकारी हा सरकारचा कायम नोकर. त्याच्या भरतीला आरक्षण. नंतर मात्र वारे फिरले. २०१० साली महाराष्ट्र शासन आणि टाटा कन्सल्टन्सी यांनी मिळून महाऑनलाइन ही कंपनी काढली. २०११ पासून 'संग्राम', म्हणजे संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र, या प्रकल्पातून ग्रामपंचायतींमध्ये संगणक परिचालक बसविण्यात आले. २०१६ पासून त्याच जागी 'आपले सरकार सेवा केंद्र' आले आणि कामाची व्यवस्था दुसऱ्या कंपनीकडे गेली. गावातला माणूस परिचालकाला ग्रामपंचायतीचा नोकर समजतो. दाखला तो देतो, हिशेब तो भरतो, यंत्र बंद पडले तर शिव्याही तोच खातो. पण कागदावर तो ग्रामपंचायतीचा नाही. मानधन वेळेवर मिळावे, कर्मचारी म्हणून दर्जा मिळावा, या मागण्यांसाठी या मुलामुलींनी मुंबईच्या आझाद मैदानावर आणि नागपूरच्या अधिवेशनावर वेळोवेळी मोर्चे काढले आहेत.

यंत्रांचेही तेच झाले. फेब्रुवारी २०१४ मध्ये केंद्र सरकारने 'मेघराज' नावाचा आपला क्लाऊड सुरू केला. जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने सार्वजनिक क्लाऊडचे धोरण जाहीर केले. खात्यांनी स्वतःची यंत्रे घेण्यापेक्षा खाजगी कंपन्यांची जागा भाड्याने घ्यावी, असा त्याचा रोख होता. पुढे माणसांचीही पाळी आली. सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने नऊ खाजगी एजन्सींमार्फत अतिकुशल ते अकुशल अशी सर्व प्रकारची माणसे ठेक्याने घेण्याचा निर्णय काढला. त्यावर राज्यभर विद्यार्थ्यांनी आवाज उठविला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तो रद्द करावा लागला. तो एक निर्णय रद्द झाला, परंतु बाह्ययंत्रणेची पद्धत त्याने संपलेली नाही.

येथे एक तारीख ध्यानात ठेवण्यासारखी आहे. महाराष्ट्रात बौद्धांना सवलती आधीपासून होत्या. पण केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातीचे आरक्षण बौद्धांना मिळाले ते १९९० साली, कायद्यात दुरुस्ती झाल्यावर. पुढच्याच वर्षी, जुलै १९९१ मध्ये, देशात नवे आर्थिक धोरण आले आणि हळूहळू कायम जागा आटू लागल्या. टेलिफोन खात्यातली घरे याची साक्ष देतील. एकट्या बीएसएनएलमधून ३१ जानेवारी २०२० रोजी ७८ हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीने बाहेर पडले. दार आपल्याला उघडले आणि तेवढ्यात आतले सामान दुसऱ्या घरी हलले. यंत्र सरकारच्या खोलीत असते तर राखणदाराची जागा निघाली असती, जाहिरात आली असती, बिंदुनामावली लागली असती. यंत्र खाजगी इमारतीत गेले, की जागाही तिकडेच गेली. खाजगी कंपनीत आरक्षण नाही, हे आपण जाणतोच. म्हणून क्लाऊड आणि ठेका हा आपल्या दृष्टीने केवळ संगणकाचा विषय नाही, हक्काचा विषय आहे.

राखणदार नको, असे होत नाही

इतके वाचून कोणी म्हणेल, मग या वाटेला मुलांनी जाऊच नये. आमचे म्हणणे तसे नाही. अलीकडच्या दोन घटना पाहा.

१९ जुलै २०२४ रोजी क्राऊडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या प्रोग्राममध्ये एक चुकीची दुरुस्ती पाठविली आणि जगभरातली सुमारे ८५ लाख यंत्रे एकाएकी बंद पडली. विमाने जागच्या जागी थांबली. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास दिले गेले. त्या दिवशी दूर बसलेला राखणदार हतबल झाला, कारण यंत्र चालूच होत नसेल तर तारेवरून त्याच्यापर्यंत पोहोचणार कसे? ठिकठिकाणी माणसांना एकेका यंत्रापाशी जाऊन हाताने दुरुस्ती करावी लागली. ज्या कंपन्यांनी जागेवरची माणसे कमी केली होती त्यांना त्यांची किंमत त्या दिवशी कळली.

दुसरी घटना त्याच महिन्याच्या अखेरीची. स्टेट बँक आणि टाटा कन्सल्टन्सी यांची सी-एज नावाची कंपनी लहान बँकांची यंत्रणा चालविते. तिच्यावर खंडणीखोरांचा हल्ला झाला. खबरदारी म्हणून ३१ जुलै २०२४ रोजी तिला देशाच्या पैसे देण्या-घेण्याच्या जाळ्यातून तोडावे लागले. देशातल्या सुमारे तीनशे सहकारी व ग्रामीण बँकांचे मोबाइलवरचे आणि एटीएमचे व्यवहार थांबले. खातेदार कोण होते? शेतमजूर, छोटे दुकानदार, निवृत्तिवेतनवाल्या विधवा. शाखेतला कर्मचारी हात जोडून सांगत होता की बिघाड आमच्या हातात नाही. ते खरेच होते. सगळ्या फडांचा बंधारा एक झाला, की एक भगदाड सर्वांना कोरडे करते. म्हणूनच प्रत काढणारा, भगदाड आधी ओळखणारा, रात्री जागणारा माणूस आजही लागतो आणि उद्याही लागणार. पण तो पेटी उचलणारा नव्हे, आतले जाणणारा हवा.

कोणत्या खात्यात शिरायचे?

मुंबईच्या गिरण्यांत एके काळी आपल्या माणसांना विणाईच्या खात्यात घेत नसत. धोट्यातून सूत ओढायला ते तोंडाने चोखावे लागे आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा दुसऱ्यांना चालत नसे. चांगली मजुरी त्याच खात्यात होती. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. कारखान्यात शिरलो एवढ्याने भागत नाही, कोणत्या खात्यात शिरलो हे पाहावे लागते, हा त्यातला धडा.

आजच्या संगणक कंपनीतही खाती आहेत. खालच्या खात्यात तक्रारी नोंदवायच्या आणि लिहून दिल्याप्रमाणे कळ दाबायची. वरच्या खात्यात यंत्रणा बांधायची, ती का बिघडली ते शोधायचे. खालचे खाते आटत आहे. वरच्या खात्याचे दार मात्र आज कोणाचा विटाळ मानून बंद करता येत नाही, आणि हे व्हर्च्युअलायझेशनचेच देणे आहे. पूर्वी शिकण्यासाठी कोणीतरी त्या थंड खोलीत घ्यावे लागे. आता साधा जुना लॅपटॉप घेतला, तर त्यावर सटाण्यातल्या घरात बसून चार-पाच आभासी यंत्रे उभी करता येतात, ती जोडता येतात, मोडता येतात, पुन्हा बांधता येतात. त्यासाठी लागणारे लिनक्स, केव्हीएम, व्हर्च्युअलबॉक्स हे प्रोग्राम घरी शिकायला फुकट मिळतात. मोडले तरी नुकसान कोणाचे होत नाही. जी खोली कंपनीतून गेली ती आपल्या घरात आणता येते.

म्हणून आईबापांनी आणि मुलांनी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

एक. शिकण्याचा क्रम पाया धरून ठेवावा. आधी लिनक्स, मग संगणक एकमेकांशी कसे बोलतात ते नेटवर्किंग, मग चार ओळींत काम करून घेणारे स्क्रिप्ट लिहिणे, मग प्रत काढणे व सुरक्षा, आणि शेवटी एखादा क्लाऊड. एकाच कंपनीच्या बटणांवर विसंबू नये. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ही कंपनी ब्रॉडकॉमने विकत घेतली आणि कायमचे परवाने विकणे बंद करून भाड्याची पद्धत आणली. गिऱ्हाईके दुसरी वाट शोधू लागली. ज्यांचे ज्ञान त्या एकाच प्रोग्रामपुरते होते ते अडचणीत आले. ज्यांचा पाया पक्का होता त्यांना गिऱ्हाईक हलविण्याचे नवे काम मिळाले.

दोन. फुकट आणि चांगले आधी वापरावे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे पाठ मराठीतही आहेत. महाविद्यालयाची शिष्यवृत्ती महाडीबीटीवर वेळेत भरावी. वसतिगृह न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे, तिची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी. पुण्याच्या बार्टी संस्थेच्या प्रशिक्षणांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे.

तीन. 'शंभर टक्के नोकरीची हमी' असा फलक लावणाऱ्या वर्गाला दागिना मोडून पैसे देऊ नयेत. मागच्या वर्षीची किती मुले कोठे लागली, त्यांची गाठ घालून द्या, असे सांगावे. मूळ प्रमाणपत्रे किंवा कोरे धनादेश कोणाच्याही ताब्यात देऊ नयेत.

चार. नोकरी लागली की प्रथम नेमणूकपत्र पाहावे. काम कोणाकडे आहे हे नव्हे, पगार कोण देणार ते नाव वाचावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितांनुसार नेमणूकपत्र देणे मालकाला बंधनकारक आहे. ठेकेदाराने पगार बुडविला तर मूळ मालकावर जबाबदारी येते, हे तत्त्व १९७० च्या ठेका कामगार कायद्यात होते, ते नव्या संहितेतही आहे. भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक घ्यावा आणि दर महिन्याला पैसे जमा होतात की नाही ते मोबाइलवर पाहावे.

पाच. मुलींना मागे ठेवू नये. या कामात अंगबळ लागत नाही, चिकाटी लागते. रात्रपाळीची भीती वाटते, ती साहजिक आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री काम करणाऱ्या स्त्रीची संमती, तिची सुरक्षितता आणि घरापर्यंत वाहनाची सोय यांची तरतूद आली. ती मागून घेणे हा उपकार नाही.

सहा. प्रत्येकाने संगणकच शिकावा असे नाही. ढग म्हणविणारी ती यंत्रे ऐरोली, महापे, सातपूर येथल्या इमारतींत विजेवर आणि थंड हवेवर चालतात. तेथे वीजतंत्री लागतो, शीतयंत्राचा कारागीर लागतो, जनित्र सांभाळणारा लागतो. आयटीआयमध्ये हे धंदे शिकविले जातात आणि हे काम तारेवरून दुसऱ्या देशात नेता येत नाही.

शिकणे ही अर्धी बाजू झाली. उरलेली अर्धी बाजू एकट्या मुलाची नाही. कायम कामाला कायम जागा, सरकारी कामाला सरकारी भरती आणि ठेक्यावरच्या माणसालाही सन्मानाचा पगार, हे मागण्यासाठी संघटना लागते. २०२३ चा निर्णय मागे घ्यावा लागला तो एकट्यादुकट्याच्या अर्जाने नव्हे. पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांनी कर्मचारी संघटनांचे सभासद व्हावे आणि गावातल्या संगणक परिचालकांच्या मोर्चाला आपला मोर्चा मानावे.

जाता जाता एक सुचवावेसे वाटते. आपल्या वस्तीत अभ्यासिका किंवा वाचनालय असेल तर तेथे दोन जुने लॅपटॉप ठेवावेत. पुण्या-नाशिकला नोकरीत असलेली मुले सुटीला सटाण्याला येतात. त्यांनी त्यातला एक रविवार काढून धाकट्यांना लिनक्स कसे भरायचे, आभासी यंत्र कसे उभे करायचे हे दाखवावे. पैसा फारसा लागत नाही. येत्या सुटीपासून हे सुरू झाले तर पुढच्या निकालाच्या वेळी काही घरांतला प्रश्न थोडा सोपा झालेला असेल.